अझीमच्या मापाची गादी

कोल्हापूर, दि. २८/११/२०२५

मी ख्वाजा दस्तगीर पिंजारी, वय ७१ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा गाद्या भरणे, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. फोन आता पत्नीकडे असतो, तोच नंबर लिहून दिला आहे.

मी आज स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की, माझा मुलगा अझीम, वय ३८, हा ओमान देशातून घरी येणार होता, तो अद्याप आलेला नाही. शनिवार दि. ८ रोजी संध्याकाळपर्यंत तो पोचायला हवा होता. आज वीस दिवस झाले. इतक्या उशिरा आलो याची माफी असावी. उशीर का झाला तेही सांगतो.

घरी मी व पत्नी फातिमा असे दोघेच आहोत. मुलगी सना मलकापूरला दिली आहे. अझीम चौदा वर्षे मस्कत येथे एसी दुरुस्तीच्या कामाला होता. या वर्षी त्याने काम कायमचे सोडले. परत जाणार नव्हता. दुकानात माझ्याबरोबर बसतो म्हणाला होता.

शुक्रवार दि. ७ रोजी दुपारी सव्वाचार वाजता त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे तेव्हा पावणेतीन झाले होते. सकाळी त्याने दाढी-कटिंग केली होती, जुम्याची नमाज झाली होती, आणि तो समुद्राच्या कडेला बाकावर बसून चहा पीत होता. बॅग शेजारी होती. अंगात आकाशी शर्ट होता. तो म्हणाला, "अब्बा, आज काय बी काम न्हाय. चौदा वर्सांत पहिल्यांदाच असा बसलोय बघा. गाव चांगलं हाय की हे! मला कधी दिसलंच न्हाय."

मी त्याला पासपोर्ट कुठे आहे ते विचारले. त्याने खिशावर हात मारला. मी काढून दाखव म्हणालो. त्याने काढून दाखवला. मी त्याला सांगितले की कुणाच्या हातचे खाऊ नको, बॅगेवर पाय ठेवून बस, आणि आत्ताच्या आत्ता विमानतळावर जा. तो हसला. म्हणाला, "इमान रातीला हाय अब्बा. आत्ता जाऊन काय ढकलत बसू व्हय त्याला?" मग त्याने फोन फिरवला आणि समुद्र दाखवला. बोटी आहेत, पांढरी पाखरे आहेत, असे तो सांगत होता.

मागे कोणती इमारत, मशीद, पाटी दिसत होती का, असे हवालदार मॅडमनी विचारले. मी बघितले नाही. बॅग जाग्यावर आहे का, तेवढेच मी बघत होतो.

तेवढ्यात फातिमा ओले हात पुसत बाहेर आली. मला दावा की जरा, म्हणाली. मी तिला म्हणालो, "उद्या समोरच बघ की. त्याची बॅटरी संपंल." आणि मी फोन बंद केला. कॉल चार मिनिटे वीस सेकंदांचा आहे, तो फोनमध्ये दिसतो. त्यानंतर अझीमचा फोन लागलेला नाही.

विमान कोणते, किती वाजताचे, मुंबईला उतरणार होते की गोव्याला, हे मला सांगता येत नाही. तिकिटाचा फोटो पाठवू का, असे त्याने विचारले होते. मीच नको म्हणालो. आमच्या घरात माणूस उंबऱ्याच्या आत येईपर्यंत तो येणार म्हणून कुणी बोलत नाही. नजर लागते. माझी आई असेच करायची. तिकडे खोलीतल्या माणसांनासुद्धा सांगू नको, असे मी अझीमला बजावले होते.

त्याने ऐकले. त्याच्या खोलीत इचलकरंजीचा तोहिद नावाचा मुलगा राहतो. सनाने त्याचा नंबर शोधून फोन केला. तो म्हणाला, "अझीमभाई दुसऱ्या गावाला कामाला चाललो म्हणून गेले की ओ! आम्ही कशाला चौकशी करतोय?" कंपनीवाले म्हणतात, त्याचे नाव आम्ही कमी केले, आता तो आमचा नाही. त्यामुळे तिकडे त्याला कुणी शोधलेले नाही.

लगेच का आला नाहीत, असे विचारल्यावरून सांगतो. २०२१ साली तो असाच चार दिवस उशिरा आला होता. तेव्हाही फोन लागत नव्हता. चौथ्या दिवशी दार वाजले आणि बाहेरून कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गादीवालं पावणं हाईत का घरात?" मी गिऱ्हाईक समजून दार उघडले तर हा. त्याची आई तासभर रागावली होती. या वेळीही मी चार दिवस धरले. मग आठ धरले. दार वाजले की मी आधी आवाज ऐकतो, मग उघडतो.

उंची किती, असे विचारले. फुटात ठाऊक नाही. त्याच्यासाठी मी नवी गादी भरली आहे, ती साडेसहा फुटांची आहे. सहा फुटी गादीतून त्याच्या टाचा बाहेर येतात. रंग सावळा. डाव्या अंगठ्याचे नख अर्धे आहे, लहानपणी कापूस पिंजायच्या मशीनमध्ये सापडले होते.

ती गादी मी दुकानाच्या दारात उन्हाला टाकत होतो. समोरचे चहावाले गणपतराव यांनी विचारले, कुणाची हो? मी गिऱ्हाईकाची म्हणालो. ते म्हणाले, "गिऱ्हाईक लई लांबडं दिसतंय की, तुमच्या अझीमगत!" रोज टाकत होतो, रोज उचलत होतो. काल ते रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "ख्वाजाभाई, गिऱ्हाईक आलं न्हाय व्हय अजून? नुसत्या उन्हानं कापूस जळंल त्यातला." मी आत गेलो. फातिमा म्हणाली, "आता तरी सांगा कुणाला तरी."

माझा कुणावर संशय नाही. अझीमचे कुणाशी भांडण नव्हते. जुन्या पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो सोबत देत आहे. पासपोर्टच्या नंबरावरून तो विमानात बसला की नाही ते कळेल, असे मॅडम म्हणाल्या.

फोटो पेपरात आणि मोबाइलवर सगळीकडे पाठवला तर चालेल का, असे मला विचारण्यात आले. माझी काही हरकत नाही. सगळ्यांना सांगावे. गणपतरावांना मी येतानाच गादी कुणाची ते सांगून आलो आहे.

वरील मजकूर मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसेच त्यात आहे, जास्त-कमी काही नाही, म्हणून खाली सही करतो. एकच विनंती आहे. जे काही कळेल ते, कसलेही असो, लवकर कळवावे. फोन मी उचलणार नाही, फातिमा उचलेल. बोलणे पुरे होईपर्यंत तिच्या हातातून तो कुणी घेणार नाही.

(सही) ख्वाजा दस्तगीर पिंजारी