पिशवीतला शंख

लोणावळ्याच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी अलिबागची निसर्गसहल आटोपलेले नवरा-बायको आपल्या कान्हे गावी परतायला गाडीची वाट बघत होते.

"अहो, पिशवीतला शंख चालतोय."

"मेहमुदा, शंख कधी चालतात का?"

"पाय बाहेर काढलेत त्यानं. आत खेकडा आहे. गाईड कानीकपाळी ओरडत होता, शंख उचलू नका."

"नातीसाठी घेतला. हलवून बघितला, रिकामा वाटला."

"कुणाचंही घर हलवून बघायचं?"

"आपल्या विहिरीत सोडू."

"विहीर खारी आहे का आपली?"

"मग बादलीत मीठ टाकू."

"डोक्याला हात लावायची वेळ आणलीत. उठा, ती अलिबागची गाडी लागलीय."

"आत्ताच तर घाट चढून आलो आपण."

"तोही चढलाय. त्याला विचारलं होतंत?"