बावखल मावेल अशी लेन्स

अहो, कॅमेरा होता हो त्याच्याकडे! डिजिटल होता, चांगला होता, सोबत लेन्सही आलेली… पण त्या लेन्समध्ये बावखल मावेना, त्याला काय करणार? आणि तुम्हाला सांगतो, आमचा प्रल्हाद म्हणजे कसा, तर चहा की कॉफी विचारलं की डोळे मिटून विचारात पडणारा माणूस. त्याच्यावर लेन्स निवडायची वेळ आली!

बावखल माहीत आहे ना? वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. वसईला, होळी गावात, काशीरामकाकांच्या वाडीत होतं. प्रल्हादचे वडील रत्नागिरीहून आले ते काकांच्याच खोलीत भाड्यानं राहिले, आणि हा पोरगा वाढला कुठे? बावखलात! काकांनी याच्या पाठीला दोन सुके नारळ बांधले आणि दिला ढकलून… "हात मार रं! पानी काय खातंय तुला?" सबंध मे महिना पाण्यात हो! बोटं सुरकुतलेली, डोळे लाल, घरी गेलं की मार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धबाक! ते पाणी हिरवं, वरून केळीच्या पानांची सावली, आणि तळाशी पाय टेकला की तो गार गार चिखल… जाऊ दे.

तर दोन हजार सहा साली काकांचा मुलगा धर्मा म्हणाला, "वाडी बिल्डरला दिली. बावखल बुजवणार." प्रल्हादनं लगेच कॅमेरा काढला. म्हणाला, एक फोटो काढतो. चारी काठ, माड, पायऱ्या, अख्खं बावखल एका फोटोत! गेला, उभा राहिला, कॅमेऱ्यातून बघतो तर अर्धंच दिसतंय. मागे सरकला… अजून मागे… शेवटी पाठीला कुंपण लागलं, एक पाय अळवात गेला, तरी एक काठ बाहेरच!

ऑफिसातला कौस्तुभ म्हणाला, "बॉस, अल्ट्रा वाइड लेन्स लागणार तुला, सगळं मावणारी. दहा-वीस एमएमची घे, डोळे मिटून!"

झालं! डोळे मिटतोय कसला? हा सायबर कॅफेत जाऊन बसला. तिथे जगभरातली रिकामी माणसं लेन्सवर भांडतायत. एक म्हणतो दहा-वीस घ्या, दुसरा म्हणतो अकरा-अठरा, तिसरा म्हणतो बारा-चोवीस, आणि चौथा म्हणतो हे तिघं गाढव आहेत! त्यात कोणीतरी लिहिलं, या लेन्सला कोपरे धुरकट येतात. बस्स! प्रल्हादच्या डोक्यात भुंगा शिरला. पण कोपऱ्यांचं काय?

कौस्तुभ म्हणाला, "अरे, कोपऱ्यात कोण बघतंय?"

"मी बघतोय! पायऱ्या कोपऱ्यात आहेत!"

मुंबईला फोर्टात दुकानात गेला. दुकानदारानं काचेवर लेन्स मांडल्या, यानं प्रत्येक लावून समोरच्या इमारतीच्या खिडक्या टिपल्या, शटर टिपलं, दुकानदार टिपला. तो बिचारा म्हणाला, "साहब, लेना है के सिर्फ देखना है?" हा विचारतो, "लेकिन कोने का क्या?"

मग कौस्तुभनं मेहुण्याची लेन्स एका रविवारापुरती आणून दिली. यानं काय करावं? हॉलच्या भिंतीला पेपर चिकटवला आणि त्याचे फोटो! याची बायको, वसुंधरावहिनी, भाजी घेऊन आल्या. "अहो, भिंतीला ओल आलीय का?"

"अगं, बघ ना, कोपऱ्यातली श्रद्धांजली वाचताच येत नाहीये!"

"मग पेपरात वाचा की!"

हसताय तुम्ही! इकडे दिवस चालले होते हो. एकदा वाडीत गेला तर डंपर उभा. चिंचेकडचा काठ बुजलेला. काका माडाला टेकून बघत होते. म्हणाले, "कोपऱ्यापासनं घालतात माती. पानी हाय तवर काढ रं फोटू." हा म्हणाला, "काका, लेन्स ठरतच आलीय!" पुन्हा गेला तर पायऱ्या गेलेल्या. तेव्हा मात्र घाबरला, आणि घेतली एकदाची बारा-चोवीस. आणि कोपरे काय कोपरे… आरशासारखे!

रविवारी सकाळी धावत गेला. लेन्स चढवली, डोळा लावला… आणि काय दिसलं? लाल माती! डावीकडे माती, उजवीकडे जेसीबी, आणि मधे, लांब कुठेतरी, अंगणाएवढं हिरवं पाणी. नवी लेन्स सगळं घेत होती हो, नको तेही घेत होती. त्यानं गुपचूप ती काढली. कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स लावली. बावखल मावलं. चारी बाजूंनी जागा उरली.

काशीरामकाका खाली उतरले, उरल्या पाण्यात पाय धुतले, तोंडावरून ओला हात फिरवला आणि ताठ उभे राहिले. "आता हसू का काय करू?" प्रल्हादनं काढला फोटो. थोडा हललेला आला. काकांनी तोच देवघराशेजारी लावला.

आणि लेन्स? पडून राहिली कपाटात. पुढे इमारत उभी राहिली तसा धर्मा आला. "प्रल्हाद, सँपल फ्लॅटचे फोटो काढून दे ना. तुझ्या त्या लेन्समध्ये सगळं मावतं म्हणे." काकांच्या मुलाला नाही कसं म्हणणार? काढले.

महिन्याभरानं वहिनी जाहिरातीचं पान उघडून पेपर घेऊन आल्या. "अहो, होळी गावात नवीन इमारत झालीय, फोटोत हॉल बघा केवढा! नुसतं बघून तरी येऊ!" यानं स्कूटर काढली. गेले. वहिनी हॉलमध्ये शिरल्या, दोन पावलं टाकली आणि समोरच्या भिंतीला नाक लागलं. वळून म्हणाल्या, "अहो, हाच का तो?"

प्रल्हाद हॉलच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाला, "लेन्स चांगली निघाली गं."