अकरा महिन्यांची पृथ्वी

सुरुची : साडेतेवीस अंश.

यतीन : मिक्सरचं झाकण कुठल्या खोक्यात गेलं?

सुरुची : पावसाळ्याचे चार महिने कोरे.

यतीन : पडदे आपले, पंखे मालकांचे.

सुरुची : पहिली रेघ टीव्हीपासून दोन फरशा.

यतीन : थिनर सापडला. चल सरक, रेघ पुसू दे.

सुरुची : नाही.

यतीन : सुरुची, तू चौथीत फरशीवर मार्करने रेघा मारल्यास, मी काही बोललो नाही. आता पाचवीत आहेस. उद्या या घरात नवीन भाडेकरू येतायत. मालकांनी सांगितलंय, फरशी होती तशी पाहिजे.

सुरुची : डिसेंबरात ऊन परत या पहिल्या रेघेवर येतं का, ते बघायचंय. मग पुसा.

यतीन : आपलं ॲग्रीमेंट आज संपतंय.

सुरुची : डिसेंबरात सुरू झालं ना? मग डिसेंबरात का नाही संपत?

यतीन : अकरा महिन्यांचं असतं ते.

सुरुची : का?

यतीन : सगळ्यांचं अकराचंच असतं.

सुरुची : पृथ्वीला बारा लागतात.

यतीन : मग पृथ्वीला सांग मालकांशी बोलायला. खाली टेम्पोवाला हॉर्न मारतोय, मी इथे हे ऐकतोय. थांब, तुझ्या टीचरनाच फोन लावतो.

(फोन स्पीकरवर. पलीकडे चौथीच्या वर्गशिक्षिका ॲग्नेस, राहणार उत्तन.)

यतीन : टीचर, मी सुरुचीचा पप्पा बोलतोय. आम्ही घर बदलतोय. तिला एवढं सांगा की तो प्रोजेक्ट संपला.

ॲग्नेस : संपला न्हाय तो.

यतीन : मार्क देऊन टाका ना तुम्ही.

ॲग्नेस : त्याला मार्कच नाहीत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पाऊण वाजता, ऊन घरात कुठवर येतं तिथे रेघ मारायची. एवढंच काम. अडतीस मुलांनी सुरू केलं. कोणाच्या आईने पुसलं, कोणी गालिचा टाकला, कोणी विसरलं. ही एकटी उरलीय, तर तुम्ही पुसायला निघालात.

यतीन : पण रेघा कशाला लागतात? उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, हिवाळ्यात लांब. दोन ओळींत संपलं.

ॲग्नेस : घ्या. मी आठवडाभर घसा फोडते, आणि मुलं घरून हे लिहून आणतात. दर वर्षी. तेच वाक्य.

सुरुची : पप्पा, पृथ्वी जानेवारीत सगळ्यात जवळ असते. तेव्हा तुम्ही स्वेटर घालून चहा पीत होतात.

यतीन : काहीतरीच.

ॲग्नेस : बरोबर सांगतेय ती. पुढचं पण सांग त्यांना.

सुरुची : पृथ्वी साडेतेवीस अंश कललेली आहे, आणि तशीच कललेली फिरते. काही महिने आपली बाजू सूर्याकडे झुकते, काही महिने मागे. मागे झुकली की ऊन तिरकं येतं. तिरकं आलं की घरात लांबवर शिरतं, पण पसरतं, म्हणून तापत नाही. टॉर्च द्या, दाखवते.

यतीन : टॉर्च पॅक झालाय.

ॲग्नेस : रेघा दाखव. फेब्रुवारी आणि ऑक्टोबर.

सुरुची : ही फेब्रुवारीची. नंतर ऊन खिडकीकडे मागे मागे गेलं. आणि ही गेल्या महिन्याची. फेब्रुवारीच्या रेघेपेक्षा एक वीत आत. परत येतंय ते.

यतीन : म्हणजे पार तिथपर्यंत येणार? टीव्हीच्या इथे?

सुरुची : तेच तर बघायचंय.

यतीन : नवीन घरात बघ ना, बाळा.

सुरुची : पूनम सागरमधल्या नवीन घराच्या खिडकीसमोर बिल्डिंग आहे. तुम्हीच आईला म्हणालात, ऊन येत नाही ते बरंय, एसी कमी लागेल.

ॲग्नेस : सुरुची, फरशा मोजून वहीत लिहिल्यास?

सुरुची : खिडकीपासून किती, सगळं लिहिलंय.

ॲग्नेस : मग रेघा पुसू दे. डिसेंबरात पाच मिनिटं घरात शिरायचं तेवढं पप्पा बघतील.

यतीन : मी? अनोळखी माणसाला काय सांगू मी?

ॲग्नेस : खरं ते सांगा. माझा दुपारचा वर्ग भरलाय, ठेवते.

यतीन : ठेवला. बघ, ठेवला पण.

सुरुची : नवीन भाडेकरूंचा नंबर तुमच्याकडे आहे. गीझरसाठी त्यांनी सकाळी फोन केला होता.

यतीन : कळलं, कळलं. हॅलो, महिपतजी? हां, मैं पुराना किरायेदार. नहीं नहीं, गीझर बराबर है. एक बात थी. दिसंबर के आखिरी संडे को, पौने एक बजे, मेरी लड़की पाँच मिनट अंदर आएगी तो चलेगा? नहीं, सामान कुछ नहीं छूटा. उसको देखना है, सूरज की रोशनी कहाँ तक आती है. हां, ज़मीन पर. स्कूल का है. नहीं, मैं मज़ाक नहीं कर रहा.

सुरुची : काय म्हणाले?

यतीन : सोफा कुठे ठेवायचा नाही, ते विचारतायत.

सुरुची : खिडकीपासून सहाव्या फरशीवर.

यतीन : सांगतो. आता सरक. मेची रेघ कुठेय? ती राहून जायला नको.

सुरुची : मे महिन्यात ऊन घरात आलंच नाही.