बाप्पाच्या गळ्यातली ब्रँडी

हसू नका, पण आमच्या गणपतीच्या गळ्यात ब्रँडी होती. अठ्ठ्याण्णव साली नानांनी, म्हणजे माझ्या बापाने, सराफ बाजारातून नाजूक साखळीची जुनी चांदीची पट्टी आणली आणि दागिना म्हणून बाप्पाला घातली. आरतीला जमलेल्यांसमोर मी त्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली.

"नाना, ब्रँडी लिहिलंय. साहेब लोक ही बाटलीला अडकवायचे."

"कॉलेज सोडून बसलेला तू मला इंग्रजी शिकवणार?" म्हणत त्यांनी कानाखाली वाजवली.

पुढच्या वर्षी पट्टी गळ्यात होतीच, फक्त अक्षरं मूर्तीकडे. माफीबिफी काही नाही. म्हातारा हट्टीच.

आता नाना नाहीत. गणपती मी बसवतो. पट्टी उलटी का, असं कुणी विचारलं तर सांगतो, आमच्याकडे तशीच पद्धत आहे.