आत्यानं आकाशातून आणलेलं नाव

अगं, आत्यानं बाळाचं नाव ठेवायचं यात केवढी जोखीम असते, हे मला दादाच्या मुलीच्या बारशाला कळलं. मी बीएस्सी, म्हणून थेट आकाशातून नाव आणलं, सेडना. नेपच्यूनच्याही पलीकडे फिरणारा एक लालसर गोळा. आमच्या अख्ख्या गोरेगाव तालुक्यात असं नाव कोणाचं नसणार, एवढंच मी पाहिलं होतं. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायांनी कुर्र करत माझ्या पाठीत दणादण बुक्के घातले, आणि आईनं विचारलं, "अर्थ का हाय वो त्याचा?"

मी मोबाइलवर शोधलं आणि पहिल्याच ओळीवर अडखळले.

"वाच ना, काऊन थांबली?"

"बर्फाच्या देशातली देवी आहे," मी चाचरत म्हणाले. "तिच्या बापानं तिला नावेतून पाण्यात ढकललं. तिनं नावेचा काठ धरला, तर त्यानं तिची बोटंच तोडली."

दादा पांढराफटक पडला. आई ओरडली, "बदल! आत्ताच्या आत्ता बदल!" पण कानात सांगून झालेलं नाव परत कसं घेतात? मला तर रडूच फुटायला आलं.

तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मंग? मेली का ती?"

"नाही. समुद्राची राणी झाली. तिथले सगळे प्राणी तिचंच ऐकतात."

"मंग ऱ्हाऊ द्या हेच नाव," वहिनी म्हणाली आणि दादाकडे वळली. "तुमी मात्र पोरीले घेऊन चोरखमाऱ्याच्या तलावात डोंग्यावर बसाचं नाही."