गोड्या पाण्याचा टँकर

गोराईच्या फेरीच्या रांगेत तेजलच्या पुढे आयडा आंटी उभी होती, सोबत पाईपांना रंग मारायचं काम करणारा तिचा भाचा क्रिस. तेजलला ऐकायचं नव्हतं, पण आंटीचा आवाज काही खाली येईना.

“गावात कुठं नळ आला, तर वर्षभरात पाईप सडला? कसला रंग लावलास रे मेल्या?”

“रंग चांगलाच होता, आंटी. रंगाखाली मीठ राहिलं.”

“मीठ? पाईप तर चकचकीत घासलेले, मी बघितले ना!”

“घासून मीठ जात नाही, आणि दिसतही नाही. खाडीचा वाराच आणून बसवतो. वरून रंग मारला की ते आतल्या आत ओल ओढतं. मग रंगाला फोड येतात आणि फोडाखाली गंज.”

“मग आधी धुवायचे ना!”

“धुतले की. खाडीच्या पाण्यानं.”

“डोकं फिरलं होतं काय तुमचं?”

“पाईप धुवायला गोड्या पाण्याचा टँकर मागवला होता, आंटी. तो गावात शिरला तेव्हा पहिला हंडा कोणी लावला?”

फेरी धक्क्याला लागली, तरी आंटी जागची हलली नाही.

“घरात थेंब नव्हता. पोरं तहानलेली ठेवून तुझ्या पाईपांना अंघोळ घालू देणार होते मी?”

“मी कुठं अडवलं तुला? आमचा साहेबच म्हणाला, काम थांबवू नका, खाडी आहे ना.”

“आणि आता?”

“आता नळ बंद. नवे पाईप येणार.”

“तेही धुवायला लागणार?”

“लागणारच. टँकर येईल.”

“कधी येणार तेवढं आधी सांग. हंडे घासून ठेवते.”