दारातला आकडा

...आणि माझ्या चष्म्याच्या काडीला बांधलेल्या दोऱ्याकडे असं टक लावून बघू नका, त्यावर मी येणारच आहे, पण आधी दार. गाडीचं दार. त्याशिवाय दोरा कळायचा नाही तुम्हाला.

तर गाडी सासऱ्यांची. म्हणजे होती. लांब नाकाची, गोल दिव्यांची, माझ्या बायकोपेक्षा वयानं मोठी. रस्त्यात लोक वळून बघतात ते गाडीकडे, आत कोण बसलंय याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. सासऱ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली, पण सोडली मात्र नाही... एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या, आणि म्हणाले, "जावईबापू, एक अट. हिला परका हात लागता कामा नये. एवढंसं काम असतं, घरच्या घरी होतं. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, धाकट्या जावयांना देतो." धाकटे जावई म्हणजे माझा साडू, ज्याचे नट आवळायचे पाने भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेले असतात. आता तुम्हीच सांगा, कोण म्हणेल जमणार नाही? मी म्हटलं, "छे, घरच्या घरी होतं." आणि मी, तुम्हाला सांगतो, टूथपेस्टचं झाकण लावलं तरी ते वाकडं बसतं.

सासरे दर रविवारी फेरफटक्याला येतात. माझ्या शेजारच्या सीटवर बसतात आणि डोळे मिटून गाडी ऐकतात. लोक गाणी ऐकतात, हे गाडी ऐकतात. आणि नेमकं त्याच बाजूचं दार, मूळचंच जरा खुळखुळणारं, त्या आठवड्यात जास्तच वाजायला लागलं. बायको म्हणाली, "अहो, वाजू दे, आपण नाही का वाजत?" पण मला साडूची भिंत दिसत होती. म्हटलं, एवढंसं काम, घरच्या घरी होतं.

शनिवारी सकाळी बसलो. काच फिरवायचा दांडा काढला, दाराची मूठ काढली, दाराच्या आतलं कव्हर काढलं. काढणं फार सोपं असतं हो, काढण्यात मी कुणाला हार जाणार नाही. आत टॉर्च मारून बघतो तर काच जिथं खालच्या पट्टीला धरलेली असते तिथं एक केसांचा आकडा, तोच, अंबाड्यात खोचायचा, अर्धा निसटून दारावर टकटक आपटतोय. म्हटलं, सापडला चोर. उपटला. बायकोला दाखवला. "आईचा आहे," म्हणाली. सासूबाई आता नाहीत. आयुष्यभर त्या त्याच सीटवर बसल्या. हिनं तो आकडा पदरानं पुसला आणि आपल्या अंबाड्यात खोचून टाकला. दार बंद करून बघितलं, आवाज गायब. मी स्वतःवर इतका खूश झालो की काच जरा खालीवर करून बघावी म्हटलं... आणि काच गेली. खाली. दाराच्या पोटात. धप्प.

आता कळलं ना? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. चोर नव्हता तो, पहारेकरी होता. मग तार लावली, तार वाकली. सुतळी बांधली, सुतळी सुटली. शेवटी पुठ्ठ्याची घडी घालून काच वर ठोकून बसवली आणि देवाला म्हटलं, उद्याचा दिवस वारा नको.

रविवारी सासरे आले, बसले, डोळे मिटले; बायको मागच्या सीटवर. मी गाडी काढली. कोपरा आला. सासरे म्हणाले, "दार का वाजत नाहीये?"

म्हटलं, "दुरुस्त केलं."

"कुणी?"

"घरच्या घरी."

त्यांनी दारावर बोटानं एक टिचकी मारली आणि काच खाली. मी गाडी बाजूला घेतली आणि मनातल्या मनात किल्ली साडूला देऊनसुद्धा टाकली.  सासऱ्यांनी मागे वळून लेकीपुढं हात पसरला. कमी दिसतं म्हणतात, पण तो आकडा बरोब्बर दिसला त्यांना. हिनं काढून दिला. त्यांनी मला कव्हर उघडायला लावलं, काच वर धरायला लावली, आणि स्वतः न बघता, नुसत्या बोटांनी, आकडा वाकवून जागेवर बसवला. "नवीन गाडी, पहिलीच सहल, आणि काचेची क्लिप तुटली," ते म्हणाले. "पाऊस आत यायला लागला. तिनं केसांतला काढून दिला, म्हणाली, तात्पुरता लावा. मग मी क्लिप आणलीच नाही." त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. माझाही झाला असता, पण मी काच धरून उभा होतो.

दार लावलं, गाडी सुरू केली. खुळखुळ. सासऱ्यांनी डोळे मिटले. ज्या आवाजासाठी मी दार फाडलं, तो परत आला म्हणून तिघेही खूश. साडूचं नाव निघालं नाही. मीच विचारलं, "म्हणजे गाडी माझ्याकडेच ना?"

"अर्थात," ते म्हणाले. "गाडी घरच्या माणसाकडेच राहणार." मला काय वाटलं सांगू... इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला घरचा म्हटलं. ऊर भरून आला. आणि तेवढ्यात रेडिओचं बटण त्यांच्या हातात निघून आलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं, त्यातला बारीक स्क्रू कुठंतरी पडला होता. मग माझ्याकडे वळून, माझ्या नाकाच्या दिशेनं जरा निरखून म्हणाले, "जावईबापू, तुमचा चष्मा बघू जरा."

रेडिओ आता उत्तम चालतो. एवढंसं काम. घरच्या घरी झालं.